बसच्या मागे, सव्वासहा वाजता

प्रिय लारिसा,

आधी पाकीट नीट बघ. तोंडाला मी चिकटपट्टी दोनदा लावली आहे आणि तिच्यावरून पेनाने आडवी रेघ मारली आहे. रेघ जुळत नसली तर ड्वेनने उघडून वाचलंय असं खुशाल समज. तुझा नवरा माणूस चांगला आहे, पण गेला आठवडाभर तो माझ्याकडे बघून जरा जास्तच हसतोय, आणि जावई विनाकारण हसायला लागला की मी सावध होते. तू म्हणशील, साठ पावलांवर राहणारी बाई पत्रं कसली लिहिते, दार वाजवून बोलत का नाही? मंगळवारी वाजवलं होतं की. तू पलंगावर बशी घेऊन बसली होतीस. मला म्हणालीस, "आई, चार बिस्किटं पोटात राहिलीत, आता पाचवं खाते, तू नुसती बस इथे." मग काय, बसले. पाचवंही राहिलं, तुला झोप लागली आणि मी घरी आले. बोलायचं ते राहूनच गेलं.

आता तब्येतीचं. जिनेट नर्सने दिलेला कागद मी वाचला. हो, तुझ्या फ्रिजवरचाच, तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा. ती पोरगी सव्विसाची असेल नसेल, तिला स्वतःला एक तरी मूल आहे का, हे कुणी विचारलंय? पण कागद खोटा नाही. मी तो औषधाच्या दुकानातल्या बाईकडून आणि पर्लमावशीकडून, दोघींकडून पडताळून घेतला. उशीवरून डोकं उचलायच्या आधी दोन खारट बिस्किटं चावायची आणि मग वीस मिनिटं पडून राहायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही, दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. गरम जेवणाचा वास सहन होत नसेल तर सगळं गार खायचं, गार बटाटा, गार कोंबडी. पाणी घोट घोट, आणि तेही जेवणाबरोबर नाही. व्हिटॅमिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतेस ती रात्रीच्या खाण्यानंतर घे, तिनेच निम्मं मळमळतं असं पर्ल म्हणते. आणि दिवसभर पाणीसुद्धा ठरत नसेल तर त्या जिनेटला फोन कर, माझी वाट बघू नकोस.

राहिले तुझे ते केचपच्या चवीचे लाल चिप्स. खा गं बाई, पण पाकिटात हात घालून खाऊ नकोस. एक मूठ वाटीत काढायची, पाकीट वरच्या फळीवर ठेवायचं, आणि सोबत उकडलेलं अंडं नाहीतर चीजचा तुकडा घ्यायचा, म्हणजे तासाभराने परत जीव कासावीस होत नाही. तळलेल्या बटाट्यासाठी हायवेवर पळण्यापेक्षा ओव्हनमध्ये भाज आणि वर हवं तेवढं मीठ घाल. आठवड्यातून एकदा बर्गर खाल्लास तर बाळ काही तक्रार करणार नाही. पण आठवड्यातून चारदा जातेस हे मला ठाऊक आहे. ड्वेनच्या गाडीत पिशव्या असतात. मी मुद्दाम बघत नाही, पण खिडकीतून दिसतात.

असं सगळं दिसणं हाच माझा रोग आहे, पोरी. तुझ्या बाबांबरोबर बावीस वर्षं काढली ना मी. ऑरेस्ट कधी, कुठे, किती प्यायला हे तो न सांगता ओळखायला शिकले. व्हिस्की तो जिंजर एलमध्ये, त्या आल्याच्या सोड्यात, घालायचा, थर्मासमध्ये, आणि ट्रॅक्टरवर चहा म्हणून न्यायचा. पेपरमिंटच्या गोळ्या खिशात. सकाळी कोठाराच्या मागे जाऊन ओकायचा आणि बुटाने वर बर्फ लोटायचा. मग दुपारी तेलकट, खारट काहीतरी हवं असायचं, आणि जेवणाच्या टेबलावर मात्र ताटाकडे बघवत नसायचं. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "पोट बिघडलंय." बावीस वर्षांत त्या माणसाचं पोट एकदाही खरोखर बिघडलं नव्हतं.

म्हणून सांगते, सहा जानेवारीला, आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळच्या जेवणाला, माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. बारा पदार्थ मांडले होते मी, एकटीने. हेरिंग माशाची बशी तुझ्यासमोर आली आणि तुझा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. कोबीच्या गुंडाळ्या तर तुझ्या जिवाचा प्राण, त्यांना तू काटासुद्धा लावला नाहीस. बाहेर जाऊन आलीस ती पेपरमिंट चघळत. मी विचारलं, "काय झालं गं?" आणि तू काय म्हणालीस आठवतंय? "काही नाही आई, पोट बिघडलंय." माझ्या हातातला डाव तसाच राहिला. चार वर्षं आणि दोन महिने झाले होते तुला दारू सोडून. त्या व्यसनमुक्ती केंद्रात तुला मीच पोचवलं होतं, बर्फातून तीन तास गाडी हाकत, आणि तू मागच्या सीटवर तोंड फिरवून बसली होतीस. मी स्वतःशी म्हटलं, झालं, संपलं सगळं.

दुसऱ्याच आठवड्यात शाळा सुरू झाली आणि मी खिडकीशी ठाण मांडलं. तू चालवतेस ती शाळेची पिवळी बस अंगणात, इंजिन गोठू नये म्हणून विजेच्या तारेने खांबाला जोडलेली. सव्वासहाला तू टॉर्च घेऊन निघायचीस, दिवे बघायचे, चाकं बघायची, मागचं दार बघायचं, रोजचं ठरलेलं. पण आता मागच्या चाकापाशी टॉर्च थांबायला लागली. दोन मिनिटं, कधी चार. मग तू बुटाने बर्फ लोटायचीस. अगदी ऑरेस्टसारखी, टाचेने. माझा चहा खिडकीत तसाच गार व्हायचा.

आणि मग मी बसमध्ये शिरले. तू दुपारी झोपली होतीस, किल्ली कुठे असते ते मला ठाऊक आहेच. तुझ्या सीटच्या मागे चिप्सची चार रिकामी पाकिटं, घडी घालून कोंबलेली. पेपरमिंटची पुडी. आणि थर्मास. उघडून हुंगला, जिंजर एल. आता मला सांग, या प्रांतात जिंजर एल थर्मासमध्ये कोण नेतं? मी परत हुंगला, चाखलासुद्धा. व्हिस्कीचा वास आला नाही, तर मी म्हटलं, धुऊन ठेवलाय, पोरगी बापापेक्षा हुशार निघाली. बघ म्हणजे, पुरावा सापडला नाही हाच मला पुरावा वाटला! तुला दिवस गेले असतील, सकाळची मळमळ त्याची असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुझ्या वेळी मला साधी ढेकरसुद्धा आली नव्हती, नवव्या महिन्यापर्यंत मी कांदे तळत उभी होते. पोटुशी बाई अशी ओकते हे मी ऐकलं होतं, आणि दारुडा माणूस ओकताना बावीस वर्षं पाहिला होता. मग मला काय आठवणार?

विचारायचं होतंस, असं तू म्हणशील. अगं, ऑरेस्टला मी विचारायचेच की. विचारलं की तो आणखी चांगलं लपवायचा. आणि तू मला का सांगितलं नाहीस हेही मला आता कळतं, मी मुळीच रागावलेली नाही. दोन वर्षांपूर्वी, तुझ्या आधीच्या खेपेला, दहाव्या आठवड्याला मीच चर्चच्या तळघरात पिरोगीच्या करंज्या वळताना सगळ्या बायकांना सांगून बसले होते. पंधरा दिवसांत ते बाळ गेलं. आणि मग ईस्टरपर्यंत कुणी ना कुणी तुला दुकानात गाठून विचारत होतं, "कितवा लागला गं?" तू प्रत्येकीला उभं राहून सांगितलंस, एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. तेव्हा या खेपेला बारा आठवडे पुरे होईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, अगदी आईपाशीही नाही, असं ठरवलंस ते बरोबरच होतं.

तुझी बस अडवली त्या दिवशीचं तू मला त्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात सांगितलंस. शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजचा साहेब वेंडेल शाळेच्या फाटकापाशी उभा होता. तुला खाली उतरवलं आणि दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावलं. मुलं काचेला नाकं लावून बघत होती, आणि पहिलीतली एक ओरडली, "लारिसाबाई फुगा फुगवतायत!" आकडा शून्य आला. तरी वेंडेल म्हणाला, "फोन करणाऱ्या बाईंनी सांगितलं की तू रोज सकाळी बसच्या मागे ओकतेस. हे खरं का?" आणि मग नोकरी वाचवायला तुला त्या थंडीत, त्या परक्या माणसाला, आठव्या आठवड्यात सांगावं लागलं जे तू मलाही सांगितलं नव्हतंस. रात्रीच्या आत कर्लिंग खेळतात त्या बर्फाच्या मैदानावर सगळ्यांना कळलं होतं. निम्मी लोकं अभिनंदन करत होती आणि निम्मी म्हणत होती, शून्य आलं खरं, पण कुणीतरी उगीच थोडाच फोन करेल? दोन आठवडे तुला घरी बसवलं, चौकशी म्हणून. त्या दोन आठवड्यांत तुझं मळमळणं दुप्पट झालं, अन्नाचा कण ठरेना, वजन उतरलं. मी रोज सूप आणून ठेवायचे आणि रोज तसंच परत न्यायचे.

त्या संध्याकाळी टेबलावर हात ठेवून तू म्हणालीस, "कोण असेल गं आई? मी कुणाचं काय वाकडं केलंय?" मग स्वतःच म्हणालीस, "ती कोपऱ्यावरची फेहरबाईच असणार. तिच्या खिडकीतून आपलं अंगण दिसतं." मी पिठात हात घालून उभी होते. मी म्हटलं, "असेल." एवढंच म्हटलं. ड्वेन तिला सहकारी दुकानात भर रांगेत नाही नाही ते बोलला. तिची दोन्ही मुलं आता बापाच्या गाडीतून शाळेत जातात. तुम्ही दोघांनी तिच्याकडे बघणंसुद्धा टाकलं. आणि मी, जिला साऱ्या गावाचा संशय येतो, ती या एका बाबतीत गप्प बसले.

काल तू दारात आलीस. गालावर जरा रंग होता, हातात अर्धं सफरचंद. म्हणालीस, "गुरुवारी बारा आठवडे पुरे होतात, बाळाचा ठोका ऐकायला जायचंय. ड्वेन बाहेर बसेल, आत मला तू हवीस. मागच्या वेळी पडद्यावर काहीच दिसलं नाही तेव्हा तूच माझा हात धरला होतास." मी हो म्हटलं, आणि तू गेल्यावर भांड्यांपाशी उभी राहून ढसाढसा रडले. कारण तो हात मला धरता येणार नाही, लारिसा, तुला हे ठाऊक नसताना तर नाहीच. फोन मी केला होता. एकवीस जानेवारीला, सातला दहा कमी असताना, तुझी बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर. "मी एक पालक बोलतेय," असं खोटं बोलले. त्या बसमध्ये एकतीस मुलं होती आणि मला वाटलं, तू प्यायलेली आहेस. भीती खरी होती, पण तुला तोंडावर विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, हेही तेवढंच खरं आहे. आज सकाळी मी गॅरेजमध्ये जाऊन वेंडेलला माझं नाव सांगून आले. तिथून फेहरबाईकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आता तू उरलीस. गुरुवारी साडेनऊला मी कोट घालून फाटकापाशी उभी असेन. गाडी थांबवायची की नाही ते तू ठरव. थांबली नाही, तर का थांबली नाही, हे यावेळी मला शोधत बसावं लागणार नाही.

चुकलेली, पण तुझीच,
आई