चाखण्याआधीचा संशय

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दूध डेअरीच्या रांगेत सगळ्यांसमोर तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. "घरच्याच पोरानं पाणी घातलंय." मी पाणी घातलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं होतं, तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. आज पुन्हा सांगतोय, कारण परवा माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगावी ते सुचेना.

आधी मी काय करतो ते सांगतो, चिडू नका. मोशीहून चाकणकडे जाताना जिथे आपल्या भावकीची वांगी असायची, तिथे आता एक हॉटेल आहे. बिअर तिथेच बनते, आणि कुठली बिअर कशाबरोबर आणि कशी द्यायची हे मी बघतो. सध्या माझ्या गळ्यात 'बॉक' नावाची जर्मन पद्धतीची कडक बिअर पडली आहे. आपल्याकडे स्ट्राँग म्हणजे शिफ्ट सुटल्यावर बर्फासारखी गार करून घशाखाली ढकलायची आणि कधी चढते याची वाट बघायची. ही तशी नाही. छोट्या ग्लासात, बेताचीच गार द्यायची आणि सावकाश प्यायची. फार गार केली की तिचा वास झोपतो. हे मला इथे बिअर बनवणाऱ्या साहेबांनी समजावलं तेव्हा तुम्ही गावाचं दूध पारखून घ्यायचात ती डेअरी मला दिसली. कॅनमधलं गार दूध तुम्ही कधी तसंच नाकाला लावलं नाहीत. चार थेंब तळहातावर घ्यायचे, वर दुसरा हात झाकायचा, ऊब लागली की मग वास. "गार दूध लबाड आसतं," म्हणायचात. मी विचारलं होतं, लबाड कोण नसतं? तर म्हणालात, "त्ये अजून बघायचंय." तुमचा तो स्वभाव मला पुरेपूर लागला आहे. भाजीवाला हसून बोलला तरी मी काट्याकडे बघतो.

त्या दिवशी मात्र तुम्ही तळहात पुढे केलाच नाहीत. मी सायकलवरून कॅन उतरवतोय, तुम्ही दूध मापात ओतताय, धार बघताय, आणि एकदम मान वर करून बोलताय. रांगेतले लोक हसतात. मी कॉलेजात जाणारा, मान खाली घालून उभा. पुढे ओला चारा सुरू झाल्यावर सगळ्या गावाचंच दूध पातळ यायला लागलं. आपल्या म्हशींना तो थोडा आधी मिळाला होता, एवढंच. त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. एका संध्याकाळी कुणाकडून तरी खरवस आणलात, ताटली माझ्यापुढे सरकवलीत आणि गोठ्यात निघून गेलात. मी खाल्ला, पण रागानंच खाल्ला.

परवा आमच्याकडे या बिअर चाखण्याचा कार्यक्रम होता. कंपन्यांतली साहेब मंडळी होती आणि आपल्याच गावचे, जमिनीचे व्यवहार करणारे एक गृहस्थ होते. मालकानं बजावलं होतं, लोकांना आवडली तर बॉक चालू ठेवू, नाहीतर बंद. फिकट रंगाची बॉक तळलेल्या सुरमईबरोबर दिली. तिचा फेस तेलकटपणा कापतो, सगळे खूश. मग गडद, डबल बॉक. तिला भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा आणि मनुकांचा वास असतो, म्हणून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं मटण केलं होतं, तिखट मुद्दाम कमी ठेवून. गृहस्थांनी ग्लास हातात घेऊन आधी मलाच विचारलं, "भाऊ, फ्रीज बंद पडलाय व्हय? आन ह्यो ग्लास हाय का औषधाचं टोपण?" मी समजावलं. तोवर त्यांनी आतून ठेचा मागवला होता. ठेच्यात बुडवून मटण खाल्लं, घोट घेतला आणि ओरडले, "ही आपली साधी स्ट्राँगच हाय राव, रंग घालून दिलीय! नुसतं जळतंय, चव काय न्हाई."

माझं टाळकं सरकलं. काउंटरवरचा माणूस माझ्याच वयाचा, लातूरकडचा. माझा त्याच्यावर पहिल्यापासून संशय. कधी रजा मागत नाही, कुणाची तक्रार करत नाही, असा माणूस सरळ कसा असेल? मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय ओतलंस यात? खरं सांग." सगळी टेबलं वळून बघायला लागली. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "भाऊ, तुम्ही अजून चाखलीच नाही की."

चाखली. अस्सल होती. घोळ ठेच्यानं केला होता. जीभ पोळली की हिचा गोडवा कळत नाही, नुसती दारू झोंबते. गृहस्थांना कोरडी भाकरी दिली, जरा थांबवलं आणि पुन्हा प्यायला लावली. "आता लागतीय गोड," ते म्हणाले, "मगाशी दुसरी दिली व्हती, व्हय ना?" सगळे हसले. मीही हसलो. काउंटरवरचा मात्र हसला नाही.

शेवटी खरवसाबरोबर जर्मनीहून आलेली एक बाटली उघडली. ही बिअर गोठवतात आणि बर्फ काढून टाकतात. म्हणजे यात पाणी घालत नाहीत, उलट काढतात. तुम्ही प्यायला नसतात, पण हे ऐकून तरी खूश झाला असतात. मालकही खूश आहे, बॉक चालू राहणार.

काउंटरवरचा माणूस नेहमीसारखाच वेळेवर येतो. त्याला 'चुकलं' म्हणायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा ग्लास पुरतील का, एवढंच विचारून परत आलो. काल घरून त्याच्यासाठी डबा नेला, काउंटरवर ठेवला आणि एक शब्द न बोलता आत निघून गेलो. आत जाऊन उभा राहिल्यावर लक्षात आलं की असं करताना मी आधी कुणालातरी पाहिलं आहे. मी पाणी घातलं नव्हतं हे तुम्हाला कळलं होतं आप्पा, असा मला आता दाट संशय आहे.

हे पत्र मी कुठे पाठवणार? उद्या त्याला 'माझं चुकलं' म्हणेन, असं खाली लिहिलं होतं, ते खोडलं. तुमचाच मुलगा आहे मी. म्हणेनच, असा माझा स्वतःवरही भरवसा नाही.