कोंड्याला बोल लावू नकोस

प्रिय टिंगू,

तुझं निमंत्रण मिळालं. तुमच्या आहार केंद्राच्या कार्यक्रमात मी चारचौघांसमोर उभं राहून सांगायचं, फायबर खाऊन मी कशी बारीक झाले! माझा जुना फोटोही मोठा करून घेतलास म्हणे. तोच ना, निळ्या कोटातला, ज्यात माझी हनुवटी शोधावी लागते? शहाणीच आहेस. पण मी येणार नाही. का, ते फोनवर सांगायला जाते, तर तू अशी आनंदानं बोलत सुटतेस की माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. म्हणून लिहिते आहे. जरा बसून वाच.

आधी तुझं श्रेय तुला. तू आहारतज्ज्ञ झालीस तेव्हा सगळ्यांत जास्त मीच खिदळले होते. ताटातल्या भाज्या गुपचूप माझ्या ताटात सरकवणारी पोरगी आता लोकांना भाज्या खायला सांगणार! पण ऐकलं मी तुझं. सकाळी ओट्स, कोंड्याचा पाव, सालासकट फळं, वर भरपूर पाणी. जन्मभर रुसलेलं माझं पोट ताळ्यावर आलं. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या बिस्किटांच्या डब्यात हात घालायची सवय सुटली, कारण पोट भरलेलंच असायचं. थोडं वजनही उतरलं. थोडंच उतरेल, ही काही जादू नाही, हे तूच बजावलं होतंस.

पुढे मात्र ते उतरतच राहिलं. मी पडले शिंपीण, माझ्याच कपड्यांच्या शिवणी आत घेताना मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! दुकानात येणाऱ्या बायका मापं द्यायचं सोडून मला गुपित विचारायच्या आणि मी ऐटीत तुझं नाव सांगायची. मग पोटात कळा यायला लागल्या. पोट फुगायचं. सुरुवातीला काही दिवस असं होईल, घाबरू नकोस, पाणी पी, असं तू सांगितलं होतंस. ते काही दिवस मी माझ्या सोयीनं ताणत नेले. तुझे भावजी डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागले, तर मी त्यांनाच कोंड्याचा पाव वाढला. आरशात दिसणारी ती बाई मला फार आवडायला लागली होती गं. लहानपणापासून मला जाडी म्हणणाऱ्या सगळ्यांची मी मनातल्या मनात जिरवत होते.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचे पडदे कापताना अशी कळ आली की मी तिथंच खाली बसले. भावजींनी उचलूनच दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. आतड्यातली वाट अरुंद झाली आहे, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांत आधी काय बंद केलं असेल? चोथा! सालं, बिया, कोंडा, सगळं बंद. आता मी पांढरा पाव खाते, गाळलेलं सूप पिते, म्हणजे तू ज्याला नाकं मुरडतेस तेच सगळं. भावजी पावाच्या कडासुद्धा काढून देतात आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरत बसतात. मला हसूही येतं आणि भरूनही येतं.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. गाठ यकृतापर्यंत पोचली आहे. औषधं आहेत, ती मी घेणार आहे, पण डॉक्टर दिवस वाढवण्याबद्दल बोलतात, बरं होण्याबद्दल नाही. हे कळल्यावर तू स्वतःला खात बसशील, म्हणून मी त्यांना स्पष्टच विचारून घेतलं. कोंड्यामुळे गाठ झालेली नाही. तुझ्या सल्ल्यानं माझं भलंच झालं, बाकीचं वजन रोगानं नेलं. उशीर झाला तो माझ्या हौसेपायी. तू लोकांना फायबर खायला सांगत राहा. फक्त कुणी फारच भरभर बारीक होत असेल, तर कौतुक करत बसू नकोस, तपासायला पाठव. आणि टिंगू, मला जायचं नाहीये गं, मुळीच नाही. तू ये. खायला काही आणू नकोस, मला काही समजावू नकोस, नुसती ये. दार उघडणारी बाई तुझी ताईच आहे हे तुला पाहताक्षणी ओळखू येईल, तोवर ये.

वाट बघणारी, तुझीच,
ताई