थोरल्या आजोबांचे दोन रकाने

प्रति,
मा. ग्रंथपाल,
जुनी वृत्तपत्रे विभाग,
सार्वजनिक ग्रंथालय.

विषय : माझ्या आजोबांचा मृत्युलेख कात्रणांच्या फाइलीत ठेवण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील आपले मौन.

महोदय,

१. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा नातू, म्हणजे नात्याने माझा चुलतभाऊ, आमच्या घराण्याचा इतिहास लिहीत आहे. त्याला त्याच्या आजोबांचा मृत्युलेख आपल्या विभागात पहिल्याच फेरीत मिळाला. दोन रकाने, वर फोटो. त्याची प्रत त्याने फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावली असून आल्यागेल्याला चहा तिच्यासमोरच मिळतो. संपादकांनी स्वतः लिहिलाय, असे सांगतो. मी दिसलो की विचारतो, "तुमच्याकडचं सापडलं का रे काही?" महोदय, माझा जळफळाट होतो, हे येथे नमूद करीत आहे.

२. माझे आजोबा त्याच वृत्तपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत. शहरातल्या सगळ्या मेलेल्यांची नावे त्यांच्या बोटांखालून गेली. त्यांचे स्वतःचे मात्र कुठेच नाही. ते गेले त्या वर्षाचे सगळे अंक मी चाळले. एकात हरवलेल्या पोपटाला चौकट आहे. त्या पोपटाविरुद्ध मी आपल्याकडे दिलेली तक्रार मागे घेतो. आपल्या सहायक बाई "काका, आता पुरे करा" म्हणाल्या, त्यांच्याविरुद्धचीही.

३. थोरल्यांच्या लेखात काय फुगवून लिहिले आहे ते पकडावे, या हेतूने अखेर मी मूळ अंक मागवला. मत्सरापोटी तो लेख मी कधी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. तळाशी बारीक अक्षरांत लेखकाच्या जागी "धाकटा भाऊ" असे छापले आहे. चुलतभावाकडे ती ओळ फ्रेमच्या लाकडाखाली गेली आहे. म्हणजे लेख माझ्या आजोबांनी लिहिला आणि बहुधा स्वतःच जुळवला. त्यांची वेळ आली तेव्हा लिहायला थोरला भाऊ उरला नव्हता, आणि आमच्या घरात कोणाला सुचले नाही.

४. हे मी चुलतभावाला तोऱ्यात ऐकवले. पुढच्या रविवारी तो माझ्या आजोबांचा मृत्युलेख लिहून घेऊन आला. "उशीर झालाय, पण राहायला नको," एवढेच म्हणाला. मला जमला असता त्यापेक्षा तो चांगला उतरला आहे. याचाही मला हेवा वाटतो.

तरी सोबतचा लेख थोरल्यांच्या कात्रणाशेजारी ठेवावा, ही विनंती. नातवांच्या यादीत त्याने माझे नाव स्वतःच्या आधी घातले आहे. ते कृपया बदलू नये.

आपला नम्र, अजून थोडा जळणारा,
(सही)
धाकट्या घरचा नातू
दिनांक : सोमवार, ग्रंथालय उघडताच

सोबत : मृत्युलेख, एक. दोन रकाने भरतो, मोजून पाहिले आहे.