भाडेपत्राला ‘व्हय म्हाराजा’

बहरीन, ता. ९ ऑक्टोबर १९५८

तीर्थरूप आबांस, सहदेवचा मिठबावकडे तोंड करून नमस्कार.

मी खुशाल आहे. कट्टा गावच्या सत्यवानबरोबर एक खोली भाड्याने घेतली. वारा भरपूर आहे. आयेला सांगा, पेज मीच करतो आणि हल्ली करपवत नाही.

परदेशी माणसाला इथे भाड्याचा कागद कचेरीत नोंदवावा लागतो. कागद अरबीत, म्हणून कारकुनाने एकेक कलम हिंदुस्थानीत मोठ्याने वाचून दाखवले. मी हात जोडून उभा. पहिल्या कलमाला तो थांबला आणि माझ्या तोंडून निघून गेले, “व्हय म्हाराजा!” तुम्ही देवाला गाऱ्हाणे घालता तेव्हा आम्ही मागून म्हणतो, तीच सवय. भिंतीला खिळा मारायचा नाही. “व्हय म्हाराजा!” छपरावर मासे सुकवायचे नाहीत. “व्हय म्हाराजा!” सत्यवान मेला तोंड दाबून हसत होता. कारकुनाला वाटले, मी त्यालाच महाराज म्हणतोय. त्याने खूश होऊन चहा मागवला.

शेवटचे कलम मुदतीचे होते, दोन वर्षांचे. वर्षात परत येतो म्हणून मी निघालो होतो ना, आबा? त्या कलमाला मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले नाही. नुसती सही केली.

तुमचा खोकला कसा आहे? आयेला मुदतीचे हळूच सांगा.

आणि मला घरी आणण्यासाठी देवापुढे नारळ ठेवून एवढेच म्हणा, “माझ्या झिलाक माझ्या डोळ्यांदेखत घराक हाड.”

‘व्हय म्हाराजा’ मी इथून म्हणतो.

तुमचा,
सहदेव