तुतीचं कलम

४ फेब्रुवारी
झालं एकदाचं! उद्यान खात्यात माळी म्हणून रुजू झालो आणि बागेतच राहायला दोन खोल्या मिळाल्या. हिने आल्या आल्या खिडकीला पडदा लावला. आमची चिंगी तर घसरगुंडी सोडायलाच तयार नाही. मुकादम म्हातारे, तोंडाने फटकळ पण मायाळू. त्यांनी कामाची रीत समजावली: सकाळी पाला झाडायचा, मग पाणी, मग छाटणी. झाड तोडायचं तर आधी फांद्या, बुंधा शेवटी. वरच्या कचेरीत तक्रार दिली की विसरून जायचं. मोडक्या झोपाळ्याचं सांगून वर्ष झालं म्हणे. आणखी एक बजावलं, की कलमाला सुतळीच बांधायची, अंगावरचं कापड कधीच नाही. का, विचारलं, तर म्हणाले नाही म्हणजे नाही. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

९ फेब्रुवारी
खिडकीसमोरची जुनी तुती फळ धरत नाही आणि चिंगीचा तर तुतीवर भारी जीव. म्हणून फळणाऱ्या झाडाची काडी आणली, सालीत खाच देऊन बसवली. सुतळी संपली होती. कोठीतून मागवली असती तर पुढच्या जन्मी मिळाली असती! मुकादम रजेवर, विचारणार कुणाला? चिंगीच्या जुन्या पिवळ्या फ्रॉकची चिंधी फाडून बांधली. ती काडी धरून उभी होती, माझं झाड, माझं झाड करत.

१६ फेब्रुवारी
कलम जोमाने धरलंय. इतक्या लवकर पालवी मी जन्मात पाहिली नाही. चिंगी मात्र मरगळलीय. जेवत नाही, नुसतं पाणी मागते. दारात उन्हाकडे तोंड करून उभी राहते, हाक मारली तरी वळत नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. हिला ते पटलेलं नाही, मलाही नाही.

२१ फेब्रुवारी
आंघोळ घालताना ही किंचाळली. चिंगीच्या पोटरीवर साल आलीय. खरखरीत, तपकिरी. जरा खरवडलं, तर खाली हिरवं.
धावत तुतीपाशी गेलो. चिंधी खोडात गडप झालीय. माझं डोकंच फिरलं. तडक कचेरी गाठली, झाड धोकादायक आहे, लगेच तोडा म्हणून सांगितलं. साहेब बरं म्हणाले.

२२ फेब्रुवारी
मुकादम परतले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आता झाड आणि पोर एकच जीव. मला खरं वाटेना. एक पान खुडलं. घरातून चिंगीची किंकाळी —
कचेरीत साहेबांच्या पाया पडलो. ऐकत नाहीत. हुकूम निघालाय, करवतवाले उद्या सकाळी येणार. झोपाळ्याला वर्ष लागतं, आणि हे उद्या! माझ्याच तोंडाने मी माझ्या लेकीचा —
मुकादमांना सोडलं नाही. शेवटी बोलले. दुसऱ्याच्या अंगावरचं कापड बांधलं की झाड पहिल्याला सोडतं. आणि नव्याला धरतं.

२३ फेब्रुवारी
उजाडताच अंगातला सदरा फाडून बांधला.
चिंगी उठली. खायला मागितलं! पोटरीवरची साल गळून पडली. ही हसतेय, रडतेय. हिला काही सांगितलं नाही. दोघींना मुकादमांबरोबर हिच्या माहेरी धाडलं. चिंगी विचारत होती, बाबा मागून येणार ना? हो म्हटलं. देवा, हो म्हटलं मी.
फाटक बंद करणार होतो. पाय उचलत नाहीत. नखं हिरवी —
करवतवाल्यांची गाडी आली. ओरडतोय, आवाज फुटत नाही. शिडी लावतायत.
मला भीती वाटतेय. फार —
चिंगे, तुती खा गं. दुसऱ्या झाडाची —
करवत सुरू झाली. आधी फांद्या. रीतच आहे ती. उजवीकडून सुरुवात करता