डिफरन्शियलचा वरचा प्लग

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार
क्षमाला बघायला पुढच्या रविवारी धारवाडची मंडळी येणार. स्टेशनवरून मी स्वतः मोटारीतून आणीन, असं कळवून टाकलंय. वडिलांमागे या घरात थोरला मी. बहिणीच्या लग्नाची बोलणी मीच करणार. गाडी मागून किंचाळते, पण मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं तेल बदललं की झालं. अर्ध्या तासाचं काम.

१७ नोव्हेंबर
खालचा प्लग उघडून जुनं तेल सगळं सोडलं. नवं वरच्या प्लगातून भरायचं. वरचा हलत नाही. जयतीर्थ (धाकटा भाऊ, बँकेत कारकून, अक्कलही तेवढीच) म्हणाला, अण्णा, आधी वरचा सुटतो का बघायचं, मग खालचा उघडायचा. मागाहून शहाणपण सांगायला काय जातं! आता तेलाशिवाय गाडी हलवता येत नाही, हे मलाही कळतं.

१८ नोव्हेंबर
वरच्या प्लगावर रॉकेल सोडलं. पाना घसरून अंगठा सोलला. पाना भिकार. वसुमती म्हणते, स्टेशनसाठी घोड्याचा जटका सांगून ठेवू या. माझ्या बायकोची झेप जटक्यापुढं जात नाही.

२० नोव्हेंबर
ऑफिसला दांडी. प्लगाचे कोपरे झिजून गोल झाले. विलायतेत कुठल्या गाढवानं इतका आवळला कोण जाणे. शेजारचे भगवंतराव कुंपणावरून म्हणाले, स्वल्प गरम करून बघा. रिटायर्ड माणसाला दुसरा उद्योग काय! मुळीच करणार नाही.

२१ नोव्हेंबर
गरम केला. कल्पना मूळची माझीच. सुटला नाही.

२२ नोव्हेंबर
हात नीट पोचावा म्हणून मागची चाकं काढून गाडी विटांवर घेतली. गाडी फाटकातच आहे. पाहुणे आत कुठून येणार, असं जयतीर्थ विचारतो. उद्या गाडी स्टेशनवर असेल, मूर्खा!

२३ नोव्हेंबर, रविवार, रात्री जेवणाआधी
मला न विचारता जयतीर्थ जटके घेऊन स्टेशनवर गेला. मी छिन्नी-हातोडा घेऊन गाडीखाली. मंडळी आली तेव्हा कोपरापर्यंत काळा होतो. साडेचारला राहुकाळ लागणार, फाटकातून एकेकाला आत घ्यायला वेळ नाही, म्हणून सगळ्यांना घाईघाईनं बोळातून, न्हाणीघरापाशी असलेल्या मागच्या दारानं आत घेतलं. वराकडची माणसं न्हाणीघरावरून! ठरवलं, बोलावणं आलं की हातपाय धुऊन जायचं.

बोलावणं आलं नाही. आतून हसण्याचे आवाज मात्र येत होते.

सहानंतर मंडळी निघाली. फाटकात अंग चोरून एकेक जण बाहेर पडत होता. गाडीखालून मला फक्त चपला दिसत होत्या. मुलाचे वडील म्हणाले, मुलगी पसंत, माघात उरकून टाकू. थोरले बंधू भेटले नाहीत एवढंच राहिलं. वसुमती म्हणाली, ते ऑफिसच्या कामानं म्हैसूरला गेलेत.

क्षमा तिथंच उभी होती. मी आणलेल्या साडीचे काठ ओळखले. माझे पाय गाडीबाहेर होते, तिला दिसत असणार. मला फार वाईट वाटलं.

मी पाय हळूच आत ओढून घेतले.