बटणांची गाडी

आबा, परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी मला तिच्या गाडीतून मुळशीला घेऊन गेली. धरणाजवळच्या उतारावर तिने गाडी उभी केली आणि मी विचारलं, "हातब्रेक ओढलास का?" ती हसली. "बाई, तिसऱ्यांदा विचारताय." तिला काय सांगणार? सांगायचं होतं तुम्हाला, आणि तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

धरणावरच्या साहेबांकडे तुम्ही ड्रायव्हर होतात तेवढ्या काळात बंगल्यावर तीन गाड्या आल्या, तिन्ही एकाच अमेरिकन कंपनीच्या. पहिली गाडी महायुद्धाच्या आधीची, काळी, पुढची काच मधोमध जोडलेली. थंडीत तिला हँडल मारून सुरू करावं लागे. तिचे वायपर इंजिनच्या ओढीवर चालायचे, त्यामुळे चढ लागला की ते थांबत, आणि आपल्याकडच्या पावसात तुम्ही एक हात बाहेर काढून फडक्याने काच पुसत गाडी वर चढवायचात. "चढाला दम लागतो तिला," असं आईला सांगायचात. दुसरी हिरवी. काच एकसंध, गिअर स्टिअरिंगखाली, किल्ली फिरवली की सुरू. वळताना तिचा दिवा लुकलुकायचा, तरी तुम्ही हात बाहेर काढायचातच. मी कारण विचारलं तर म्हणालात, "दिवा समद्यांस्नी कुटं कळतोय? हात कळतो."

तिसरी साठच्या सुमारास आली. साहेबांनी ती मुंबईच्या कुणा परदेशी माणसाकडून घेतली होती. फिकट निळी, मागे पत्र्याचे उंच पंख, स्टिअरिंग डावीकडे. क्लच नाही, गिअरचा दांडाही नाही; त्या जागी पाच बटणं. मी तेव्हा पुण्याला मावशीकडे राहून हायस्कुलात शिकत होते आणि दिवाळीला घरी आले होते. तुम्ही गाडीचं इंग्रजी पुस्तक धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणलंत आणि चुलीसमोर माझ्या हातात दिलंत. शेजारचे दोघं बसले होते. त्यांना म्हणालात, "आमची पोरगी इंग्रजी घडाघडा वाचती."

मी वाचू लागले. कोणत्या बटणाने गाडी मागे जाते, कोणत्याने पुढे, ते सांगितलं. तुम्ही डोळे मिटून बोटं हवेत दाबत होतात. मग गाडी उभी करण्याचं पान आलं. त्यातले निम्मे शब्द मला येत नव्हते. येत नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? पण शेजारी बघत होते, तुम्ही बघत होतात. मी पान उलटलं. "हे धुण्या-पुसण्याचं हाय," म्हणाले.

चौथ्या दिवशी तुम्ही गाडी बंगल्यासमोरच्या उतारावर लावलीत. जुन्या गाड्या तुम्ही पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावायचात. साहेबांना नव्या गाडीला दगड नको होता. तुम्ही पहिल्या गिअरचं बटण दाबलंत, इंजिन बंद केलंत आणि सामान घेऊन आत गेलात. गाडी सरकली. मी न्याहारी घेऊन आले होते, फाटकापाशी उभी होते. ती आवाज न करता बागेतून खाली गेली आणि धरणाच्या पाण्यात शिरली. तुम्ही धावत छातीभर पाण्यात गेलात आणि मागचा पंख दोन्ही हातांनी धरून उभे राहिलात. तुमच्याने ती थांबणार होती थोडीच.

साहेबांनी तुम्हाला तिथल्या तिथेच कामावरून काढलं. घरी येऊन मी शाळेचा शब्दकोश काढला आणि घरीच राहिलेल्या त्या पुस्तकातलं ते पान लावलं. इंजिन बंद असताना कोणतंही बटण चाकं धरून ठेवत नाही, हातब्रेक पूर्ण ओढा, असं ठळक अक्षरात होतं. तेवढ्यात तुम्ही ओल्या कपड्यांनीच आत आलात.

"पोरी, गाडी हुबी करायचं काय लिवलं हुतं का त्यात?"

"न्हाई, आबा."

तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक घेऊन पुन्हा फडक्यात गुंडाळलंत. "मग माजंच चुकलं. बटन दाबायचं इसरलो आसंन."

त्यानंतर तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडलीत. पुढे ओळखीच्या एकाने एस.टी.त ड्रायव्हर म्हणून लावतो म्हटलं, तेव्हा मीही घरात होते. तुम्ही नकार दिलात. "इसरणारा मानूस हाय मी. लोकांच्या जिवाशी कशाला खेळू?" तो गेल्यावर तुम्ही तुमचेच हात उलटेसुलटे करून पाहत बसलात. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले. न येणारा शब्द मुलांना फळ्यावर लिहायला लावायचे, त्याबद्दल मला बक्षीसही मिळालं. तुम्ही शेवटच्या दुखण्यात असताना मी सात दिवस उशाशी होते. तेव्हाही बोलले नाही. तुम्ही माझ्या नोकरीबद्दल विचारत राहिलात.

आज तुम्ही समोर येऊन त्या पुस्तकात काय लिहिलं होतं ते पुन्हा विचारलंत तर खरं सांगेन, असं लिहून हे पत्र संपवायचं ठरवलं होतं. पण दारात तुम्ही ओलेचिंब उभे दिसता, आणि मला माझी खात्री वाटत नाही.